पानाची आखणी

पुस्तक हातांत घेतलें म्हणजे आपण त्यांतील मजकूर वाचतों. पान कोणी पाहत नाहीं. ओळ किती लांब आहे, दोन ओळींमध्यें किती जागा आहे, कडेला किती कागद कोरा सोडला आहे, ह्या गोष्टी चांगल्या साधल्या असल्या तर त्यांकडे लक्ष जात नाहीं, आणि बिघडल्या असल्या तरीसुद्धां बहुधा जात नाहीं. डोळे तेवढे लवकर थकतात, वाचक पुस्तक कंटाळवाणें म्हणून बाजूला ठेवतो, आणि दोष लेखकाच्या माथीं बसतो. पान आखण्याचें हें काम पूर्वीं छापखान्यांतील अनुभवी जुळाऱ्याकडे असे. आज संगणकाच्या साहाय्यानें तें कोणाही चिकाटीच्या माणसाला घरीं करतां येतें. तें कसें करावें, शिकतांना कोठें अडतें, आणि उतारवयांत ही खटपट मीं कां केली, हें आज सांगावयाचें आहे. आकाशवाणीवरून पान दाखवितां येत नाहीं. म्हणून जवळ एखादें पुस्तक असेल तर तें उघडून समोर ठेवावें.

शिक्षकाच्या नोकरींत असतांना रत्नागिरीच्या आसपासच्या खेड्यांतील शब्द टिपून ठेवण्याचा मला नाद होता. वायंगण, खाजण, गडगा, पाखाडी, रापण, पाग, झाप, इरलें, व्हाळ, पऱ्या, असे शब्द. ते कोणीं सांगितले, कोणत्या वाडींत ऐकले, कोणत्या वाक्यांत आले, ह्या तपशिलासह. अशा सात वह्या भरल्या. सुमारे वीस वर्षांपूर्वीं त्या वह्या मीं एका टंकलेखनाच्या दुकानांत देऊन संगणकावर उतरवून घेतल्या आणि तबकडी घरीं आणून कपाटांत ठेविली. पुढें एका पावसाळ्यांत सातांपैकीं दोन वह्यांना वाळवी लागली. मला त्याचें फारसें दुःख झालें नाहीं, कारण तबकडी होती. ती नव्या संगणकावर लावून पाहिली तेव्हां पडद्यावर इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम आणि टक्क्यांचीं चिन्हें ह्यांचा नुसता चिवडा दिसला. ज्यांनीं ते शब्द सांगितले त्यांपैकीं बहुतेक मंडळी तोंपर्यंत निवर्तली होती.

असें कां झालें, हें समजून घेणें अगत्याचें आहे; कारण अनेक घरांत व संस्थांत अशा तबकड्या अद्याप पडून असतील. त्या काळच्या पुष्कळशा मराठी टंकांत खरें मराठी अक्षर नसेच. संगणकाला इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. त्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे, कान्यांचे व वेलांट्यांचे आकार चिकटविलेले असत. आकारांचा तो संच संगणकावर आहे तोंपर्यंत मराठी दिसावयाचें; तो गेला कीं खालचें इंग्रजी उघडें पडावयाचें. युनिकोड ह्या सर्वमान्य पद्धतींत प्रत्येक लिपींतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीचा तींत १९९१ साली समावेश झाला. 'क' चा क्रमांक २३२५; तो दुसऱ्या कोणत्याही लिपीच्या अक्षराचा नाहीं. जुन्या पद्धतींत पहिली वेलांटी डोळ्यांना आधीं दिसते म्हणून ती आधीं टंकीत. युनिकोडांत आधीं व्यंजन व मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतों त्या क्रमानें, मजकूर साठविला जातो. माझी तबकडी वाचण्यासाठीं त्या जुन्या आकारसंचाचा शोध घ्यावा लागला, कोणता इंग्रजी क्रमांक म्हणजे कोणतें मराठी अक्षर ह्याचा तक्ता करावा लागला, आणि दोन वह्यांचा मजकूर कसाबसा परत मिळाला. तेव्हांच ठरविलें कीं, आतां ह्या शब्दांचें पुस्तक करावयाचें, तें अशा रीतीनें करावयाचें कीं हा प्रसंग पुन्हां येऊं नये, आणि त्याचें पान आपण स्वतः आखावयाचें.

पान आखण्याचा विचार आपल्याकडे छापखान्याबरोबर आला असें मात्र नव्हे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. मजकुराभोंवतीं जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाहीं. आणि तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण तें म्हातारपणीं उपयोगी पडत नाहीं, असा रामदासांचा तेथें स्पष्ट उपदेश आहे. समास कशासाठीं, ह्याचें याहून व्यवहारी कारण माझ्या वाचनांत दुसरें आलेलें नाहीं. जुन्या पोथ्यांत मूळ श्लोक मध्यें मोठ्या अक्षरांत व टीका वर आणि खालीं बारीक अक्षरांत लिहीत, त्यास त्रिपाठ म्हणत. टीका चारी बाजूंनीं असली तर पंचपाठ. पुढें छपाई आल्यावर जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें संस्कृत ग्रंथ व त्यांवरील टीका लहानमोठ्या टाइपांत छापतांना हीच दृष्टि ठेविली. मूळ कोणतें आणि टीका कोणती हें वाचकाला सांगावें लागत नाहीं. पानच तें सांगतें.

रत्नागिरीचा ह्या विषयाशीं एक निराळाही ऋणानुबंध आहे. देवनागरीचे खिळे जुळविणें मोठें कष्टाचें काम. जोडाक्षरें व मात्रा ह्यांमुळें टाइपांच्या केसमध्यें शेंकडों घरें लागत, आणि जुळाऱ्याचा हात दिवसभर त्या घरांतून फिरत राही. १८५६ सालीं येथेंच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'च्या निमित्तानें ही घरें कमी करण्याच्या खटपटींत पुष्कळ काळ घालविला. पुढें १९२४ ते १९३७ ह्या काळांत स्थानबद्ध म्हणून येथें राहिलेल्या सावरकरांनीं लिपिशुद्धीची चळवळ चालविली. स्वरांचीं निराळीं अक्षरें न ठेवतां 'अ' लाच वेलांट्या व उकार द्यावे, म्हणजे खिळे वांचतील, हा त्यांतील एक मुद्दा होता. यंत्राला सोपें पडावें म्हणून लिपीनें वाकावें, असा तो काळ होता. आज यंत्र वाकूं शकतें आणि आपली बाराखडी जशीच्या तशी राहूं शकते. दोघांनींही ही गोष्ट आनंदानें पाहिली असती असें मला वाटतें. परंतु हें माझें मत झालें.

आतां मुख्य साधनाकडे वळूं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील गणिती व संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ ह्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची होती. १९७७ सालीं त्यांना तिचीं प्रूफें मिळालीं. खिळ्यांऐवजीं छायाचित्रण पद्धतीनें जुळविलेलीं तीं पानें त्यांना इतकीं कुरूप वाटलीं कीं, ग्रंथलेखन बाजूला ठेवून त्यांनीं अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली रचावयास घेतली. काम थोड्याच महिन्यांत आटोपेल अशी त्यांची समजूत होती. त्याला वर्षांमागून वर्षें लागलीं. तिचें नांव 'टेक'. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं सामान्य लेखकाला सोप्या वाटतील अशा आज्ञा तिच्यावर रचून 'लाटेक' सिद्ध केलें. १९९१ सालीं हॉलंडांतील फ्रान्स वेल्थुइस ह्यांनीं तिच्यासाठीं देवनागरीची सोय केली, आणि २००४ सालीं जोनाथन क्यू ह्यांनीं 'झीटेक' काढलें, ज्यांत आपण युनिकोडांत टंकलेलें मराठी थेट घेतलें जातें. हें सर्व विनामूल्य मिळतें.

नेहमींच्या टंकलेखनाच्या साधनांत आपण शब्द लिहितों आणि लगेच त्याला सजवितों: हा ठळक, हा तिरपा, हा जरा मोठा. माझ्या पुस्तकांत सुमारे अठराशें नोंदी. प्रत्येक शब्द हातानें ठळक करावयाचा, आणि शेवटीं वाटलें कीं ठळक बरा दिसत नाहीं, तर अठराशें वेळां परत जावयाचें. लाटेकांत तसें करावयाचें नसतें. तेथें शब्द कसा दिसावा हें न सांगतां तो काय आहे एवढेंच सांगावयाचें. मीं 'नोंद' नांवाची एक आज्ञा तयार केली. तिच्यापुढें महिरपी कंसांच्या चार जोड्या: पहिल्या कंसांत शब्द, दुसऱ्यांत अर्थ, तिसऱ्यांत गांव, चौथ्यांत बोलतांना आलेलें वाक्य. शब्द ठळक असावा, गांव बारीक अक्षरांत उजवीकडे यावें, वाक्य थोडें आंत सरकवून द्यावें, हें सर्व दुसऱ्या एका ठिकाणीं एकदांच लिहून ठेविलें. तेथें एक अंक बदलला कीं अठराशें नोंदी एका दमांत बदलतात. शिवाय मजकुराची ही धारिका साधी असते. उद्यां टेक नाहीसें झालें तरी ती कोणत्याही संगणकावर उघडून वाचतां येईल. तबकडीनें पोळलेल्या माणसाला ह्या गोष्टीचें मोल अधिक वाटलें, तर नवल नाहीं.

ओळी पाडण्याचें टेकाचें तंत्र मला फार आवडलें. कोंकणांत गडगा घालणारा गडी दगड उचलतो तो पुढच्या दगडाकडे डोळा ठेवून. आतांचा दगड नीट बसला पण पुढें भलतीच फट पडली, तर त्यांत शहाणपण नाहीं. सामान्य साधनें एक ओळ भरली कीं दुसरीकडे वळतात. टेक संपूर्ण परिच्छेद एकदम विचारांत घेतें. प्रत्येक अक्षर ही त्याच्या दृष्टीनें एक पेटी. शब्दांमधील जागा म्हणजे ताणतां अगर आंवळतां येणारा लवचीक पदार्थ. कोणत्या ओळींत तो किती ताणला गेला ह्यावरून त्या ओळीचा वाईटपणा अंकांत मोजावयाचा, आणि सबंध परिच्छेदाची बेरीज कमींत कमी होईल अशा जागीं ओळी तोडावयाच्या. ही रीत क्नूथ व मायकेल प्लास ह्यांनीं १९८१ सालीं सविस्तर प्रसिद्ध केली. परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर पोरकी पडूं नये ह्यासाठींही दंड ठरवितां येतो. दंडाचा आंकडा दहा हजार ठेविला तर टेक तेथें पान मुळींच तोडीत नाहीं. मापाची सूक्ष्मता तर अशी कीं, एक इंच म्हणजे ७२.२७ पॉइंट, आणि एका पॉइंटाचे पुन्हां ६५,५३६ भाग.

पान आखतांना पहिला प्रश्न कागदाचा. मीं डेमी अष्टपत्री आकार घेतला, म्हणजे कापल्यावर साडेपांच इंच रुंद व साडेआठ इंच उंच. समासांसाठीं युरोपांतील जुनी एक रीत आहे: पानाच्या रुंदीचे व उंचीचे नऊ-नऊ भाग करावे, आंतल्या बाजूस एक, बाहेर दोन, वर एक, खालीं दोन भाग सोडावे. पान सुरेख दिसतें ह्यांत शंका नाहीं. पण हिशेब करून पहा: मजकुराला रुंदीचे व उंचीचे दोन तृतीयांशच मिळतात, म्हणजे निम्म्याहून अधिक कागद कोरा. आमच्यासारख्यांच्या खिशाला हें परवडावयाचें नाहीं. बारा भाग करून पाहिले तर आंतला समास अर्ध्या इंचाहूनही कमी झाला, आणि डिंकानें चिकटविलेल्या बांधणींत तो पार गिळला जाऊन ओळीचीं पहिलीं अक्षरें घळींत उतरलीं. शेवटीं मजकुराची रुंदी चार इंच, आंत पांच अष्टमांश इंच, बाहेर सात अष्टमांश. उंची सहा पूर्णांक तीन अष्टमांश, वर सात अष्टमांश व खालीं सव्वा इंच, असें माप कायम केलें. 'जॉमेट्री' नांवाच्या जोडसामानाला हे आंकडे दिले कीं बाकीचें तें पाहून घेतें.

नंतर अक्षर. येथें इंग्रजी पुस्तकांत दिलेलीं मापें डोळे मिटून घेऊं नयेत. इंग्रजी अक्षर खालच्या रेषेवर उभें राहतें. आपलें अक्षर शिरोरेषेला टांगलेलें असतें, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालीं उकार, ऋकार, शिवाय एखादें दुमजली जोडाक्षर. इंग्रजीला १० पॉइंटांच्या अक्षरास १२ पॉइंटांची ओळ पुरते. त्याच प्रमाणांत मराठी लाविलें तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. मीं १३ पॉइंटांचें अक्षर व १९ पॉइंटांची ओळ ठेविली. पानावर २४ ओळी बसल्या. अक्षर जरा मोठें झालें आहे असें छपाई जाणणाऱ्या एका स्नेह्यांनीं सुचविलें. त्यांचें वय पस्तीस. मीं त्यांना दासबोधाचा तो समास वाचावयास सांगितला.

अक्षराचा टाइप निवडतांना आणखी एक धडा मिळाला. मराठी वळणाचा ल व श आणि हिंदी वळणाचा ल व श निराळे. चांगल्या फाँटांत दोन्ही असतात. परंतु 'भाषा मराठी' असें स्पष्ट सांगितल्याशिवाय बहुधा हिंदी वळणच पुढें येतें. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' आणि मुंबईच्या आयआयटींत झालेला 'शोभिका' हे दोन्ही विनामूल्य मिळतात. मीं त्यांवरच काम केलें. दुसरी गोष्ट अर्ध्या र ची. 'आचार्यास' म्हटलें तर गुरूला, 'आचाऱ्यास' म्हटलें तर स्वयंपाक्याला. हा भेद मराठींत आहे. जुन्या तबकडीवरून परत मिळविलेल्या मजकुरांत सगळे असे अर्धे र रफार होऊन बसले होते. वाळवीनें खाल्लेल्या दोन वह्यांतील 'पऱ्या' हा शब्द 'पर्या' झाला होता. ज्यानें तो ओढा कधीं ओलांडला नाहीं, त्याला ही चूक कळलीही नसती. सबंध मजकूर एकेक शब्द उच्चारून तपासण्यांत माझे चार महिने गेले. त्यांत कोणत्याही यंत्राची मदत झाली नाहीं.

चुकाही सांगतों. शब्दकोश म्हटला कीं पानाचे दोन स्तंभ असावे, अशी माझी ठाम समजूत होती, आणि मोठ्या हौसेनें मीं तसें पान आखलें. चार इंचांत दोन स्तंभ म्हणजे प्रत्येकाला दोन इंचांहून कमी. मराठी शब्द प्रत्ययांनीं व शब्दयोगी अव्ययांनीं लांबलेला; एका ओळींत दोन-तीन शब्द मावावयाचे आणि त्यांच्यामधून होडी जाईल एवढी फट. टेक बिचारें प्रत्येक ओळीमागें तक्रार नोंदवीत होतें. तीं तक्रारींचीं पानें मीं कित्येक दिवस वाचलींच नाहींत. इंग्रजींतील त्या लांबलचक याद्या पाहून छाती दडपते. पुढें समजलें कीं, त्यांतील पहिलीच तक्रार नीट वाचावी, तेवढी दुरुस्त करावी आणि पुन्हां चालवून पहावें. पुष्कळदां उरलेल्या तक्रारी त्याच एका चुकीचीं पिलें असतात. एकदां महिरपी कंस बंद करावयाचा राहिला तर पुढचा सगळा भाग बारीक अक्षरांत आला होता. अखेर दोन स्तंभांचा मोह सोडला. शब्द डाव्या कडेला उघडा ठेवून अर्थाच्या पुढच्या ओळी थोड्या आंत घेतल्या. नजर कडेवरून खालीं घसरत जाते आणि हवा तो शब्द सांपडतो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या पानावरील पहिला व शेवटचा शब्द आपोआप यावा, ही सोय मात्र मीं हट्टानें केली, आणि तिला तीन आठवडे लागले.

शिकूं इच्छिणारांस माझी सूचना एवढीच कीं, प्रथम एकाच पानाचा मजकूर घ्यावा, एका वेळीं एकच माप बदलावें, आणि प्रत्येक वेळीं तें पान कागदावर छापून हातांत धरावें. पडद्यावर सुबक दिसणारा समास कागदावर अंगठ्याखालीं झांकून जातो. घरांत आवडतें पुस्तक असेल तर फुटपट्टी घेऊन त्याचीं मापें टिपावीं. दुसऱ्यानें तयार केलेला आराखडा जसाच्या तसा उचलण्यांत कमीपणा नाहीं. परंतु त्यांतील प्रत्येक ओळ काय करते हें कळेपर्यंत तिला हात लावूं नये.

प्रूफाच्या वेळीं ह्या सर्व मेहनतीचा एक अनपेक्षित लाभ झाला. मजकुराला स्पर्श न करतां फक्त कागदाचें माप बदललें, डेमीच्या जागीं नेहमींचा ए-फोर. ओळी त्याच ठिकाणीं तुटल्या, २४ च्या २४ राहिल्या, आणि भोंवतालचा समास ऐसपैस झाला. अशा वीस प्रती काढून त्या त्या गांवांत पोंचत्या केल्या व कडेला हवें तें लिहा म्हणून सांगितलें. सोळा परत आल्या आहेत. 'रापण' ह्या नोंदीभोंवतीं एका खारव्यानें चारी बाजूंनीं इतकें लिहिलें आहे कीं, तें पान थेट पंचपाठ पोथीसारखें दिसतें. मीं दिलेला अर्थ त्यानें मधोमध खोडला असून कडेचें त्याचें लिखाण मी सध्यां टंकीत आहें.